आलेखावर सारेगम: वारंवारितेच्या आलेखाला कोडमधून स्वरांची नावं कशी द्यायची

तानपुऱ्याच्या रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारितेला किती जोर आहे त्याचा आलेख, काढला की पडद्यावर सुळक्यांची रांग उभी राहते आणि खाली आकडे येतात: १००, २००, ३००, ४०० हर्ट्झ. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या हे आकडे काही कामाचे नाहीत. ३४६ हर्ट्झवरचा सुळका म्हणजे खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार, हे आलेखानेच सांगायला हवं.

वारंवारितेवरून स्वराचं नाव काढायचं सूत्र एका ओळीत मावतं. वेळ जातो तो नाव कुठल्या सुळक्याला द्यायचं आणि कुठल्याला नाही, हे ठरवण्यात. एवढं पक्कं केलं नाही तर विजेच्या गुणगुणीलाही कोड 'तीव्र मध्यम' म्हणतं, आणि आलेख देखणा दिसत असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

उदाहरण शेवटपर्यंत एकच घेऊ: काळी एकमध्ये लावलेला पुरुषी तानपुरा, प-सा-सा-सा. जोडाच्या, म्हणजे मधल्या, दोन तारा १३८.५९ हर्ट्झवर, खर्ज त्याच्या निम्म्यावर म्हणजे ६९.३० वर आणि पहिली तार मंद्र पंचमाची, १०३.९४ वर. कोड पायथनमध्ये. लागणारी पॅकेजं चार: नम्पाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब आणि फाइल वाचायला साउंडफाइल.

खालच्या ओळी देवनागरीत लिहिल्या आहेत. चलांची नावं पायथनला देवनागरीत चालतात. फंक्शनं, की-वर्ड आणि आकडे मात्र रोमन लिपीतच टाइप करावे लागतात. गंमत म्हणजे अवतरणचिन्हांत '४४०' लिहून ते इंट फंक्शनला दिलं तर पायथन त्याचा बरोबर चारशे चाळीस करतो, पण कोडमध्ये नुसतं ४४० लिहिलं तर एरर देतो.

सूत्र

दोन वारंवारितांमधलं संगीतातलं अंतर वजाबाकीने मिळत नाही, भागाकाराने मिळतं. १०० ते २०० हे एक सप्तक, आणि २०० ते ४०० हेही एकच. म्हणून लॉग घ्यायचा, तोही २ च्या पायाचा. सप्तकाचे १२०० भाग केले की एक सेंट आणि समान अंतराच्या बारा स्वरांत दर स्वराला १०० सेंट.

सेंट = १२०० × लॉग२(वारंवारिता ÷ सा)
पायरी = राउंड(सेंट ÷ १००)
स्वर_क्रमांक = पायरी % १२
सप्तक = पायरी // १२
फरक = सेंट − १०० × पायरी

% म्हणजे भागाकाराची बाकी (मॉड) आणि // म्हणजे पूर्णांक भागाकार. स्वर_क्रमांक ० ते ११ असा येतो. त्यासाठी बारा नावांची यादी करायची: सा, कोमल रे, रे, कोमल ग, ग, म, तीव्र म, प, कोमल ध, ध, कोमल नी, नी. सप्तक ० आलं तर मध्य, −१ मंद्र, १ तार, −२ अतिमंद्र.

मंद्र पंचमावर ताडून बघा. १०३.९४ ला १३८.५९ ने भागलं की पाऊण येतं, त्याचे सेंट −४९८, पायरी −५. पायथनमध्ये −५ % १२ म्हणजे ७, म्हणजेच प, आणि −५ // १२ म्हणजे −१, म्हणजे मंद्र. अगदी बरोबर. हाच कोड जावास्क्रिप्ट किंवा सीमध्ये नेलात तर −५ % १२ चं उत्तर −५ येतं आणि साच्या खालचं सगळं सप्तक चुकतं. तिथे आधी १२ मिळवून पुन्हा मॉड घ्यावा लागतो. राउंडऐवजी इंट वापरणं हीसुद्धा त्याच जातीची चूक. इंट शून्याकडे कापतो, त्यामुळे सेंटभर उतरलेला नी थेट कोमल नी होऊन बसतो.

हार्मोनियमची पट्टी हवी असेल तर संदर्भ सा नसून ४४० हर्ट्झ (मिडी म्हणजे कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीचा ठरलेला क्रमांक):

मिडी = ६९ + १२ × लॉग२(वारंवारिता ÷ ४४०)

हा आकडा राउंड करून १२ चा मॉड घेतला की ० पासून क्रमाने पांढरी १, काळी १, पांढरी २, काळी २, पांढरी ३, पांढरी ४, काळी ३, पांढरी ५, काळी ४, पांढरी ६, काळी ५, पांढरी ७. पांढरी ३ नंतर मध्ये काळी नाही, सरळ पांढरी ४ येते. यादी हाताने टाइप करताना घसरायची जागा हीच.

पाश्चात्य नावं हवी असतील तर याच क्रमाने सी, सी शार्प, डी असं लिहायचं. सप्तकाचा आकडा म्हणजे मिडी // १२ − १. या हिशेबाने मिडी ६० हा सी-४. काही कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर त्यालाच सी-३ म्हणतात. तुमच्या आलेखातलं सप्तक दुसऱ्याच्या आलेखापेक्षा नेमकं एकने वेगळं येत असेल तर गणित तपासत बसू नका, नाव देण्याची पद्धत वेगळी आहे.

रेकॉर्डिंग

वीस सेकंद पुरतात. डब्ल्यूएव्ही फाइल घ्या, फोनमधलं नॉइज सप्रेशन बंद करा. तानपुऱ्यासारखा अखंड आवाज त्याला गोंगाटच वाटतो आणि ते तो दाबून टाकतं. व्हॉइस नोट म्हणून आलेली फाइल या कामाला घेऊ नका.

फाइल वाचताना दोन चुका जवळजवळ ठरलेल्या.

पहिली सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्या आकड्याची. तो फाइलमधूनच घ्या, कोडमध्ये ४४१०० लिहून ठेवू नका. पुष्कळ फोन ४८००० ने रेकॉर्ड करतात. ४८००० ची फाइल ४४१०० समजून मोजली की सगळे स्वर १४७ सेंटने, म्हणजे जवळपास दीड स्वराने उतरतात. आपला १३८.५९ चा सा १२७.३ वर दिसतो, पांढरी सात आणि पांढरी एक यांच्या बरोबर मधोमध. फसवा भाग पुढेच आहे: सा त्याच रेकॉर्डिंगमधून मोजला असेल तर सारेगमची लेबलं सगळी बरोबर येतात, कारण गुणोत्तरं बदललेलीच नसतात. चूक दिसते ती फक्त पट्टीच्या लेबलात. त्यामुळे पट्टी आलेखावर वापरायची नसली तरी एकदा छापून बघावी.

दुसरी चूक स्टिरिओची. साउंडफाइल आणि सायपाय दोघेही स्टिरिओ फाइलचे दोन उभे रकाने देतात. नम्पायची एफएफटी (आवाजातल्या वारंवारिता सुट्या करणारं गणित) स्वतःहून शेवटच्या अक्षावर चालते, म्हणजे लाखो नमुन्यांवर न चालता दर वेळी डाव्या-उजव्या अशा दोन आकड्यांवर. एरर येत नाही, नुसता कचरा येतो. म्हणून आधी अक्ष १ वर सरासरी घेऊन एकच रकाना करा, मग त्यातून त्याची स्वतःची सरासरी वजा करा म्हणजे शून्य हर्ट्झवरचा खोटा खांब जातो.

लिब्रोसा या ध्वनीसाठीच्या पायथन पॅकेजने फाइल वाचत असाल तर तिचं लोड फंक्शन न विचारता मोनो करतं आणि सॅम्पल रेट २२०५० वर आणतं. या कामाला ते चालतं, पण पुढच्या गणितात २२०५० च धरायचा.

किती नमुने घ्यायचे

लेबलं चुकायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे एफएफटीची लांबी. एका कप्प्याची, म्हणजे बिनची, रुंदी म्हणजे सॅम्पल रेट भागिले नमुन्यांची संख्या. ४४१०० आणि ४०९६ नमुने घेतले तर बिन १०.७७ हर्ट्झचा. खर्जाच्या सा-पासून त्याच्या कोमल रे-पर्यंतचं अंतर आहे ४.१२ हर्ट्झ. म्हणजे एकाच कप्प्यात दोन-अडीच स्वर कोंबले गेले, आणि लेबल त्यातल्या कुठल्याही एकाचं लागेल. वरच्या सप्तकात हाच बिन चालून जातो. म्हणूनच बासरीवर उत्तम चाललेला कोड तानपुऱ्यावर तोंडावर आपटतो.

हॅन विंडो (तुकड्याची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) वापरल्यावर शेजारचे दोन सूर वेगळे दिसायला साधारण दोन बिनचं अंतर लागतं. मग ४.१२ हर्ट्झसाठी लागणारे नमुने २ × ४४१०० ÷ ४.१२, म्हणजे सुमारे २१४००. वरची दोनाची घात ३२७६८. बिन १.३५ हर्ट्झचा, आणि एक फ्रेम, म्हणजे एका वेळी मोजलेला तुकडा, ०.७४ सेकंदाची.

पुढे शून्यं जोडून लांबी वाढवता येते. १,३१,०७२ केली तर वक्र गुळगुळीत दिसतो, पण दोन जवळचे सूर त्याने सुटे होत नाहीत. सुटे करायचे तर खरोखरचा आवाज जास्त वेळ ऐकावा लागतो. जोडाच्या दोन तारा ०.४ हर्ट्झने वेगळ्या लागल्या असतील तर कानाला अडीच सेकंदांत एक अशी लाट ऐकू येते. स्पेक्ट्रममध्ये त्या दोन दिसायला पाच सेकंदांची फ्रेम हवी.

तानपुऱ्याच्या चारही तारा एका फ्रेममध्ये सापडत नाहीत, म्हणून सरासरी घ्यायची. वीस सेकंदांचे ८,८२,००० नमुने, फ्रेम ३२७६८ ची, पुढचं पाऊल १६३८४ चं: एकूण ५२ फ्रेम. प्रत्येक फ्रेमला हॅन विंडोने गुणा, आरएफएफटी घ्या, मापांक काढून वर्ग करा, आणि या वर्गांची सरासरी घ्या. मापांक काढण्याआधीच एफएफटीच्या आकड्यांची सरासरी घेतलीत तर फ्रेमागणिक बदलणाऱ्या फेजमुळे सगळे सुळके एकमेकांना खाऊन टाकतात.

मग डेसिबल:

डीबी = १० × लॉग१०(शक्ती ÷ कमाल_शक्ती + १०⁻¹²)

शक्ती आधीच वर्ग आहे, म्हणून १०. वर्ग न करता आलेख काढणार असाल तर २० घ्यायचे. शेवटची चिमूट शून्याचा लॉग टाळायला.

सुळके शोधणं आणि नेमकी जागा

सायपायच्या सिग्नल विभागात फाइंड-पीक्स आहे; टाइप करताना दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर. तिला डेसिबलचा रकाना द्या. सुरुवात या आकड्यांनी करा: हाइट −५०, प्रॉमिनन्स १२, डिस्टन्स ८.

खरं काम प्रॉमिनन्स करतो. सुळका आजूबाजूच्या दरीपासून किती वर उठलाय ते तो बघतो; नुसत्या हाइटवर सोडलंत तर मोठ्या सुळक्याच्या उतारावरच्या खाचाखोचांनाही नावं मिळतात. डिस्टन्स हर्ट्झमध्ये नसतो, बिनमध्ये असतो. ८ म्हणजे इथे १०.८ हर्ट्झ. तो ३० केला तर ४० हर्ट्झ होतात आणि खर्ज व मंद्र पंचम यांच्यातल्या ३४.६ हर्ट्झमध्ये दोघांपैकी एक गायब होतो. एफएफटीची लांबी बदलली की हा आकडाही बदलायचा, हे हटकून विसरलं जातं. कोडमध्ये थेट ८ लिहिण्यापेक्षा १०.८ भागिले बिन_रुंदी असंच लिहून ठेवा.

आता जागा. सुळका बिनच्या मध्यावरच असेल असं नाही. चूक अर्ध्या बिनपर्यंत, म्हणजे ०.६७ हर्ट्झपर्यंत जाते. खर्जावर ती १७ सेंटची चूक. स्वराचं नाव बरोबर येईल, पण 'फरक' म्हणून छापलेला आकडा थापच असेल. यावर उपाय तीन बिंदूंतून पॅराबोला काढण्याचा. शिखराच्या डावीकडचं डेसिबल अ, शिखराचं ब, उजवीकडचं क:

सरक = ०.५ × (अ − क) ÷ (अ − २ × ब + क)
वारंवारिता = (बिन_क्रमांक + सरक) × सॅम्पल_रेट ÷ नमुने

आकडे डेसिबलचेच हवेत, नुसत्या शक्तीचे नकोत. लॉगमध्ये हॅनचं शिखर पॅराबोलाशी जास्त जुळतं. सरक कायम −०.५ ते +०.५ मध्ये येतो. बाहेर गेला तर बिन_क्रमांक चुकलाय, बहुधा आधी रकान्याचा तुकडा कापून मग क्रमांक मूळ रकान्यात लावला गेलाय.

सा कुठून आणायचा

'काळी एक' म्हणून कोडमध्ये १३८.५९ टाकून दिलं तर तानपुरा चार सेंट चढा असला की प्रत्येक लेबलावर चार सेंट चढतील. सा रेकॉर्डिंगमधूनच मोजावा. अंदाजे आकडा हाताने द्या आणि त्याच्या अर्ध्या, एक, दोन आणि चार पटींच्या आसपास, प्रत्येकी ४० सेंटच्या आत, सगळ्यात उंच सुळका शोधा. प्रत्येक सुळक्याला त्याच्या पटीने भागा आणि मध्यक घ्या. वरच्या पटी जास्त विश्वासाच्या: मोजण्यात ०.१ हर्ट्झ चुकला तर ६९ वर अडीच सेंटची चूक होते, ५५४ वर जेमतेम ०.३ सेंटची.

सगळ्यात उंच सुळका म्हणजेच सा असं मात्र धरू नका. जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला येणारा झणकार, चांगली खुललेली असेल तर तारेच्या मूळ वारंवारितेपेक्षा तिचे हार्मोनिक, म्हणजे तिच्या पटींतले सूर, जोरकस येतात, आणि फोनचा माइक ६९ हर्ट्झ तसाही नीट पकडत नाही. कमालीचा बिन घेऊन त्यालाच सा म्हणणारा कोड एखाद्या रेकॉर्डिंगमध्ये पंचमाला सा करून ठेवतो, आणि मग खरा सा 'मध्यम' होतो.

सुळका म्हणजे स्वर नव्हे

खर्जाची एकच तार छेडा आणि आलेखावर आठ-दहा नावं उगवतील. वाजलेला स्वर एक, बाकीचे त्याचे हार्मोनिक. ६९.३० च्या पटी घेऊन वरचं सूत्र चालवलं की हे मिळतं:

दुसरा, १३८.५९: सा
तिसरा, २०७.८९: प, +२
चौथा, २७७.१८: तार सा
पाचवा, ३४६.४८: तार ग, −१४
सहावा, ४१५.७७: तार प, +२
सातवा, ४८५.०७: तार कोमल नी, −३१
आठवा, ५५४.३७: अतितार सा
नववा, ६२३.६६: अतितार रे, +४
अकरावा, ७६२.२५: अतितार तीव्र म, −४९

पाचव्याकडे नीट बघा. हाच तो स्वयंभू गंधार. समान अंतराच्या गंधारापेक्षा १४ सेंट उतरलेला, कारण तो ५:४ या गुणोत्तराचा आहे. कोडची चूक नाही. हार्मोनियमचा गंधार तानपुऱ्यावर चढा लागतो तो याचमुळे. आलेखावर 'ग −१४' दिसलं तर तानपुरा चांगला लागलाय. उलट 'ग ०' दिसलं तर रेकॉर्डिंगमध्ये हार्मोनियमही वाजतोय का ते तपासा.

अकरावा त्रास देतो. तो शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या बरोबर मध्ये पडतो, म्हणून रेकॉर्डिंग बदललं की कधी 'तीव्र म −४९' तर कधी 'म +४९' असं लेबल उड्या मारतं. अशांना नावच देऊ नये. फरकाचं निरपेक्ष मूल्य ४० च्या वर गेलं की सुळक्यावर नुसता राखाडी ठिपका ठेवा. मर्यादा ३० केलीत तर सातवा हार्मोनिकही जातो; तो ठेवायचा की नाही हे आलेख कशासाठी आहे त्यावर. जवारी दाखवायची असेल तर ठेवाच.

हार्मोनियम, बासरी किंवा सतार यांच्या आलेखावर फक्त वाजलेले स्वर हवे असतात. तिथे सुळके खालून वर तपासा: सध्याच्या सुळक्याला आधी स्वीकारलेल्या प्रत्येक मूळ वारंवारितेने भागा, जवळचा पूर्णांक घ्या, आणि त्या पटीपासून फरक १५ सेंटच्या आत असला तर त्याला 'हार्मोनिक' म्हणून सोडून द्या. ही युक्ती एका ठिकाणी फसते: सा आणि तार सा खरोखर एकत्र वाजत असतील तर वरचा हरवतो. एका स्पेक्ट्रमवरून ते ओळखणं जवळजवळ अशक्य; अशा वेळी लेबल हाताने घाला.

विजेची गुणगुण राहिली. भारतात ती ५० हर्ट्झ आणि तिच्या पटींवर येते. आपल्या सा-च्या हिशेबात १०० हर्ट्झ म्हणजे 'मंद्र तीव्र म +३५' आणि १५० हर्ट्झ म्हणजे 'कोमल रे +३७'. प-सा-सा-सा तानपुऱ्यात तीव्र मध्यम दिसला की आधी चार्जर काढा. कोडमध्ये ५० च्या पटीपासून १ हर्ट्झच्या आतले सुळके वगळा, पण फक्त ३०० हर्ट्झपर्यंत. त्यापुढे गुणगुण क्षीण असते आणि वगळण्यात खरे स्वर जातात.

अक्ष

बहुतेक जण आडवा अक्ष लॉगमध्ये टाकतात आणि त्यावर स्वरांच्या खुणा बसवतात. चालतं, पण मॅटप्लॉटलिबचा लॉग अक्ष आपल्या मुख्य खुणांसोबत स्वतःच्या उपखुणाही ठेवतो आणि 'सा' आणि 'रे'च्या मधूनच '२ × १०²' डोकावतं. त्यासाठी उपखुणांना नल-लोकेटर लावावा लागतो.

त्यापेक्षा सोपं: वारंवारितेचा अक्षच सा-पासूनच्या पायऱ्यांमध्ये बदला. एक्स = १२ × लॉग२(वारंवारिता ÷ सा), आणि साधा सरळ अक्ष. खुणा म्हणजे नुसते पूर्णांक. शून्य हर्ट्झचा पहिला बिन आधीच टाकून द्या, नाहीतर त्याचा लॉग उणे अनंत होतो.

मर्यादा −१३ ते ३७ ठेवा, म्हणजे खर्जापासून चार सप्तकं. आलेख १२ × ५ इंच, अक्षरं ९ पॉइंट. ४९ खुणा एकमेकींना न चिकटता मावतात. प्रत्येक पायरीवर फिकट उभी रेघ, जाडी ०.४, सा-वर जाडी १.२. प-वर मधली. एवढ्यानेही डोळ्याला सप्तक लगेच सापडतं. उभा अक्ष −६० ते +१२ डेसिबल. वरचे १२ लेबलांसाठी.

आधी सेट-एक्सटिक्स, मग सेट-एक्सटिकलेबल्स. क्रम उलटला, किंवा नुसतीच लेबलं दिली, तर नावं भलत्याच खुणांवर जाऊन बसतात आणि आलेख दिसायला झकास असतो. नव्या आवृत्त्यांत दोन्ही याद्या एकाच सेट-एक्सटिक्सला देता येतात, तेच करा.

हर्ट्झ हवेच असतील तर सेकंडरी-एक्सअॅक्सिस वर लावा, पायरीवरून हर्ट्झ आणि हर्ट्झवरून पायरी अशी दोन फंक्शनं द्या, आणि खुणा स्वतः सांगा: ७०, १००, १४०, २००, ३००, ४००, ६००, ८००, १०००.

सुळक्यावरचं लेबल अॅनोटेट फंक्शनने: जागा सुळक्याच्या टोकाची, मजकूर सहा पॉइंट वर, आडवा मध्यावर. सहा पॉइंट टेक्स्टकोऑर्ड्सला 'ऑफसेट पॉइंट्स' सांगून द्या. डेटाच्या एककांत दिले तर उभा अक्ष बदलला की लेबलं तरंगायला लागतात. फरक आधी राउंड करून पूर्णांक करा, मग चिन्हासकट छापा. तसं केलं नाही तर −०.३ चं '−०' छापलं जातं.

देवनागरी अक्षरं

मॅटप्लॉटलिबचा मूळ फाँट डेजावू सॅन्स, त्यात देवनागरी नाही. लेबलांच्या जागी चौकोन दिसतात. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ताची टीटीएफ फाइल उतरवा, फाँट-मॅनेजरच्या अॅडफाँटने तिचा पत्ता द्या, आणि फाँट-फॅमिलीत यादी द्या: आधी देवनागरी, मागे डेजावू सॅन्स. अशी मागचा फाँट धरणारी यादी ३.६ आवृत्तीपासून चालते. कोलॅबवर फाइल स्वतः अपलोड करावी लागते. वजाचं चिन्ह चौकोन झालं तर अॅक्सेस-युनिकोड-मायनस फॉल्स करा.

चौकोन गेले तरी एक डाव बाकी असतो. मॅटप्लॉटलिबचं नेहमीचं चित्र काढणारं इंजिन वर्षानुवर्षं अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवत आलंय. जोडाक्षरं जुळवत नाही आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे नेत नाही. 'नि' लिहिलंत की वेलांटी न-च्या पुढे लोंबते. 'मंद्र', 'तीव्र'चे तुकडे होतात. साधा तोडगा म्हणजे लेबलात असं अक्षर येऊच न देणं: 'नी' दीर्घ लिहा, आणि मंद्र-तीव्र शब्दांऐवजी भातखंडे लिपीच्या खुणा वापरा. कोमलाला अक्षराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला डोक्यावर उभी रेघ. युनिकोडच्या देवनागरी विभागातच वैदिक स्वरांसाठीच्या दोन खुणा आहेत, ९५२ आणि ९५१ या षोडशमान क्रमांकांच्या. त्या नेमक्या अशाच दिसतात: रे॒ ग॒ ध॒ नी॒ आणि म॑. मंद्राचं खालचं आणि तार सप्तकाचं वरचं टिंब मात्र फाँटागणिक सरकतं, म्हणून सप्तकासाठी टिंबाऐवजी पार्श्वभूमीला फिकट रंगाचे पट्टे द्यावेत.

शब्दच हवे असतील तर चित्र एसव्हीजीमध्ये काढा आणि एसव्हीजी-फाँटटाइप 'नन' ठेवा. मजकूर मजकूरच राहतो, ब्राउझर तो बरोबर जुळवतो. पाहणाऱ्याच्या यंत्रावर देवनागरी फाँट मात्र हवा.

लिब्रोसात हर्ट्झवरून हिंदुस्थानी स्वर देणारं तयार फंक्शन आहे. त्याला सा हर्ट्झमध्ये द्यावा लागतो. ते रोमन अक्षरं देतं, कोमल लहान आणि शुद्ध मोठं. मध्यमात उलट, शुद्ध लहान आणि तीव्र मोठं. किती सेंट फरक आहे ते सांगत नाही, म्हणून वरच्या पाच ओळी लिहिणंच बरं.

खरं रेकॉर्डिंग लावण्याआधी

कोडमधूनच तीन शुद्ध सूर बनवा: १३८.५९, ३४६.४८ आणि १०३.९४ हर्ट्झ, वीस सेकंद, ४४१०० ने. लेबलं यायला हवीत: मध्य सा ०, तार ग −१४, मंद्र प +२. एक सेंट इकडेतिकडे चालेल. गंधारावर −१४ ऐवजी −११ किंवा −१७ आलं तर पॅराबोला लागलेला नाही. पंचम मध्य सप्तकात आला तर पूर्णांक भागाकाराची ओळ बघा. सगळ्यांवर सारखाच फरक आला तर सा बघा. मग सॅम्पल रेट मुद्दाम ४८००० करून पुन्हा चालवा आणि पट्टीचं लेबल काळी एकवरून पांढऱ्या दोनच्या पुढे सरकतं का ते पाहा. सरकलं नाही तर कुठेतरी ४४१०० अजून कोडमध्ये लिहिलेलं आहे.

गायनाचा आलेख या पद्धतीने काढू नका. ०.७४ सेकंदाच्या फ्रेममध्ये मींड संपलेलीही असते, आणि दरबारीचा आंदोलित गंधार एका सुळक्याऐवजी कोमल ग-च्या दोन्ही बाजूंना पसरलेला ढिगारा दिसतो. फाइंड-पीक्स त्यातून कुठलं तरी एक टोक उचलतं आणि त्याला 'रे +३८' म्हणतं. तिथे पीवायआयएनसारख्या पद्धतीने क्षणाक्षणाचा मूळ सूर काढा, आडव्या अक्षावर वेळ ठेवा आणि हीच पायऱ्यांची नावं उभ्या अक्षावर लावा. सूत्र तेच, खुणा त्याच, फक्त सेट-एक्सटिक्सच्या जागी सेट-वायटिक्स.